कंधारकर सरांना कोण विचारणार?

लातूरच्या एका खासगी पॉलिटेक्निकात रेणुकादास कंधारकर सरांच्या ओरलचा असा धसका होता, की पोरं त्या दिवशी न जेवता यायची. सर खुर्चीत मागं रेलून बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "हं, सांगा." बस्स, एवढंच. तेवढ्यावर चांगल्या चांगल्यांची दातखीळ बसायची. उत्तर अडलं की सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" ज्यांनी हे ऐकलं ती पोरं आज पुण्यात, हैदराबादेत मोठमोठ्या पगारावर आहेत, पण सरांचा विषय निघाला की अजून नीट बसतात म्हणे.

तर अशा माणसावर वेळ काय आली बघा. पंचेचाळिशी उलटल्यावर मोबाईलचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या इंजिनिअरच्या नोकरीसाठी मुलाखतीची तयारी करायची, आणि ती करताना प्रश्न विचारायला घरात चिटपाखरू नाही.

झालं असं की पॉलिटेक्निकातली कॉम्प्युटरची शाखाच बंद पडली. भांडण नाही, तंटा नाही, पोरंच येईनाशी झाली. लातुरात ज्याला त्याला डॉक्टर व्हायचंय. जिकडं बघावं तिकडं क्लास, क्लासच्या शेजारी वसतिगृह, वसतिगृहाच्या खाली मेस. डिप्लोमाला कोण विचारतो? संस्थेनं एका दुपारी सरांना शाल दिली आणि नारळ दिला, तो दोन्ही अर्थांनी दिला. सगळ्यांनी भाषणं केली, सरांच्या ओरलचे किस्से सांगितले, पोट धरून हसले. सर घरी आले, नारळ ओट्यावर ठेवला आणि उद्या सकाळी उठून करायचं काय, हे काही त्यांना सुचेना.

घरी तरी कोण होतं? बायको सौदामिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आधी औशाला होती तोवर ठीक होतं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग बदली झाली ती थेट नांदेड जिल्ह्यात, बिलोलीला. लातूरहून बिलोली म्हणजे उदगीर, देगलूर करत दिवसाचं खोबरं. मूलबाळ झालं नव्हतं. शनिवारी शाळा सुटली की ती यायची, रविवारी दुपारी डबे घासून पुसून परत निघायची. मग सोमवारपासून सर आणि वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या.

तुम्ही म्हणाल, मग बिलोलीला का नाही जाऊन राहिले? अहो, तिथंच तर घोडं पेंड खात होतं. एकदा गेले होते आठवडाभर म्हणून. दुसऱ्याच दिवशी हेडमास्तर माणिकप्पांनी पारावर सगळ्यांसमोर विचारलं, "सर, सध्या आपण काय करता?" साधा प्रश्न, माणूस चांगला, मनात काही नाही. पण सर म्हणाले, "ऑनलाइन काम चालू आहे," आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरून लातूरला हजर. बायकोनं डब्यात धपाटे दिले.

पावसाळ्याच्या तोंडाला सरांना एक जाहिरात दिसली. पुण्याच्या एका कंपनीनं नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर छोटं ऑफिस काढलं होतं आणि त्यांना मोबाईलवरची अॅप लिहिणारी माणसं हवी होती. नवशिके नको, काम येणारी माणसं हवीत, असं लिहिलेलं. सरांनी ती जाहिरात कितीदा वाचली कुणास ठाऊक. कारण नांदेड म्हटलं की बिलोली काही लांब नाही. वाटेतल्या नायगावला खोली केली तर तिनं तिकडं जावं, यांनी इकडं यावं, आणि संध्याकाळी दोघांनी एका ताटवाटीवर बसावं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण सरांना त्या दिवसांत दुसरं काहीच नको होतं. संध्याकाळी तिच्या हातचं वरण आणि समोर ती.

फोनवर सरांनी नायगावात कुठल्या बाजूला खोली बघायची इथपर्यंत मजल मारली, तेव्हा सौदामिनी हसली. "अहो, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. आधी मुलाखत तर होऊ द्या."

"होणार गं. मीच शिकवलेला विषय आहे."

"तुम्ही शिकवलेला खरा. पण आता तुम्हाला विचारणार."

हे मात्र सरांच्या डोक्यात आलं नव्हतं. आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस. शेवटचं त्यांना कुणी काही विचारलं होतं ते नोकरीला लागताना, आणि तेव्हाही संस्थेच्या अध्यक्षांनी फक्त "कुणाचे तुम्ही?" एवढंच विचारलं होतं.

तयारीला बसल्यावर तर घामच फुटला. सरांनी अँड्रॉइड शिकवलं होतं ते जाडजूड पुस्तकातून, पिवळ्या पडलेल्या नोट्स काढून. जग तिथून केव्हाच पुढं गेलं होतं. भाषा बदललेली, पद्धती बदललेल्या. पण माणूस हटला नाही हं! सकाळी आंघोळ-संध्या झाली की टेबलाशी बसायचे ते दुपारपर्यंत. नवी भाषा शिकले. शिकता शिकता एक अॅपही लिहिलं. लातुरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून ज्याला पहिल्यांदा नळाचा आवाज येईल त्यानं बटण दाबायचं, की गल्लीतल्या सगळ्यांचे फोन वाजणार, "पाणी आलं". कल्पना झकास. सर घरोघरी जाऊन सांगून आले. सगळे म्हणाले, "वा सर! काय डोकं आहे!" आणि घेतलं कुणीच नाही. पाणी आलं की खालच्या चांगुणाबाई गॅलरीतून ओरडतात, तेवढं गल्लीला पुरतं.

शेवटी अॅप दोनच फोनवर राहिलं. एक सरांच्या, एक सौदामिनीच्या. लातुरात पाणी आलं की सर बटण दाबायचे आणि तिकडं बिलोलीला चौथीच्या वर्गात तिच्या पर्समध्ये फोन वाजायचा. पोरं विचारायची, "बाई, कुणाचं पाणी आलं?" ती म्हणायची, "आमचं."

अभ्यास झाला, अॅप झालं, पण मुलाखतीत नुसतं येऊन भागत नाही. बोलून दाखवावं लागतं. विचार करताना मोठ्यानं करायचा, अडलं तर अडलं म्हणायचं, असं जिथं तिथं लिहिलेलं. आणि त्यासाठी समोर माणूस पाहिजे. आता आणायचा कुठून? जुने सहकारी पांगले. विद्यार्थ्यांना फोन करावा तर जीभ रेटेना. "बाळ, मला जरा प्रश्न विचार," असं कंधारकर सरांनी म्हणायचं? दोनदा नंबर काढला, दोनदा फोन खाली ठेवला.

मग त्यांनी काय शक्कल लढवली? मोबाईलवर मिळतील तेवढे प्रश्न जमवले आणि स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केले. प्रत्येक प्रश्नानंतर उत्तराला जागा सोडली. रेकॉर्ड करताना सवयीनं "हं, सांगा" तोंडून गेलंच. दुसऱ्या दिवशी फोन खुर्चीवर उभा केला, आपण समोरच्या स्टुलावर बसले आणि सुरू केलं. खुर्चीतून आवाज आला, "हं, सांगा." आणि काय सांगावं, सर स्टुलावर नीट सावरून बसले! हा आवाज असा आहे? इतका कोरडा? पहिल्या उत्तराला ते अडखळले तोवर सोडलेली जागा संपली आणि खुर्ची पुढच्या प्रश्नाला लागली. सर चिडले. "अरे थांब की! बोलू तर दे!" स्वतःच्याच आवाजावर ओरडून त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं. एवढ्या वर्षांत कितीतरी पोरांना आपण हेच करत आलो, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि वाईट वाटलं.

तरी रोज करायचे. एक दिवस दाराची कडी वाजली. चांगुणाबाई ट्रे घेऊन उभ्या, ट्रेत दोन कप चहा. "सर, पाव्हणे आलेत जणू. लई येळ बोलून राहिलेत, म्हनलं चहा द्यावा."

सरांनी ट्रेतले दोन कप बघितले. मग म्हणाले, "हाव, आलेत."

"आत हायत का?"

"हात धुवायला गेलेत."

बाई ट्रे देऊन गेल्या. सरांनी स्टुलावर बसून एक कप प्यायला. थोड्या वेळानं दुसराही प्यायला, कारण भरलेला कप परत कसा द्यायचा? तो तोवर गार झाला होता.

इकडं दुसरीकडून संगप्पाची घाई. संगप्पा म्हणजे क्लासच्या पोरांसाठी दोन वसतिगृहं चालवणारा, मनाचा मोठा गडी. त्याला सरांसारखा रेक्टर हवा होता. "सर, तुमी नुसतं दारात हुभं ऱ्हायलात तरी पोरं अभ्यासाला बसत्याल. खोली हाय, जेवण हाय, मानपान हाय. फकस्त रात्री अन् रईवारी तिथंच ऱ्हावं लागंल, त्या येळला पोरं लई मोकाट सुटत्यात." रविवारी तिथंच! म्हणजे आठवड्यातून एकदा भेटणारी बायकोही गेली. सर म्हणाले, "मुलाखत होऊ दे, मग सांगतो." संगप्पा म्हणाला, "हाव सर, सावकाश. पण सोमवारी सांगाच."

मुलाखत शुक्रवारी होती. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सकाळच्या गाडीत बसले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, सर खिडकीशी ओठ हलवत उत्तरं म्हणत होते. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं जप चाललाय, त्यानं आदरानं पाय आखडून घेतले.

ऑफिसच्या दारातला वॉचमन उठला आणि म्हणाला, "या सर. मुलीसंगं आलात का? पालकांना खाली बसायचंय."

"मीच आहे," सर म्हणाले.

"तुमीच म्हंजे?"

"मुलाखतीला मीच आहे."

वॉचमननं यादी बघितली, सरांकडं बघितलं, आणि वर हात दाखवला.

वर सगळी पंचविशी-तिशीतली पोरं. सर आत आले तसे सगळे खुर्च्या सरकवून उभे राहिले. त्यांना वाटलं, मुलाखत घेणारे आले. सरांनी खुणेनं बसा म्हटलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत स्वतः बसले, तेव्हा पोरं एकमेकांकडं बघू लागली. शेजारी एक शिवांगी नावाची मुलगी होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही शिकवता का? मला जरा विचारा ना काहीतरी. धडधड होतेय." सरांनी विचारलं. हळू आवाजात, तिला वेळ देत विचारलं. ती भराभर सांगू लागली, चेहरा खुलला. चांगली तयारी होती पोरीची. सर वाट बघत होते, की आता ही म्हणेल, "काका, आता मी तुम्हाला विचारू?" पण तिचं नाव पुकारलं आणि ती "थँक यू काका!" म्हणून पळाली.

बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला पोरं गराडा घालत. "काय विचारलं रे? अवघड होतं का? किती वेळ घेतला?" असा कालवा चाले. मग सरांचं नाव आलं.

आत टेबलामागं पस्तिशीचा, दाढी राखलेला एक जण लॅपटॉपमध्ये बघत बसला होता. त्यानं मान वर केली आणि ताडकन उभा राहिला. टेबलाला वळसा घालून आला आणि सरांच्या पायांवर वाकलाच. "सर! मी दयानंद. बेलकुंडचा. शेवटच्या बाकावर बसायचो."

सरांना खरं तर आठवेना. शेवटच्या बाकावर बेलकुंडचे कितीतरी बसले असतील. पण म्हणाले, "अरे, दयानंद! केवढा झालास!" आणि त्यांना फार बरं वाटलं. वाटणारच. कित्येक महिन्यांत त्यांच्याकडं बघून कुणाचा चेहरा असा उजळला नव्हता. दयानंदनं चहा मागवला, बिस्किटं मागवली. सर बसेपर्यंत स्वतः बसला नाही. मग गप्पा निघाल्या. ओरलचे किस्से निघाले. सर हसले, दयानंद हसला. "प्रवास कसा झाला सर? मॅडम कुठं असतात आता? बिलोलीला का? लांब पडतं की. औशाकडं पाऊस बरा झाला म्हणे. मूळ गाव तुमचं कंधार का, सर?"

सर सांगत गेले. कंधारचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. चहा संपला. दयानंदनं घड्याळाकडं हळूच नजर टाकली आणि म्हणाला, "खूप बरं वाटलं सर, तुम्ही आलात. कळवतो मी."

सर उठले. अर्धे उठले आणि तसेच थांबले.

कारण हे त्यांना ओळखीचं होतं. त्यांनी स्वतः हेच केलं होतं, वर्षानुवर्षं. ओरलला एखादा पोरगा समोर बसला आणि कळलं की याचं काही खरं नाही, की सर त्याला विषयाचं काहीच विचारायचे नाहीत. आवाज मऊ करायचे. "गाव कोणतं? वडील काय करतात? पाऊसपाणी कसंय?" पोरगा बिचारा खुलून बोलायचा, बाहेर जाऊन सांगायचा, सर आज लई चांगले होते. आणि सर कागदावर आकडा टाकून मोकळे. प्रश्न त्यालाच विचारतात, ज्याच्याकडून काही आशा असते. ज्याचा निकाल आधी लागलाय, त्याला गाव विचारतात.

सर परत खाली बसले. "दयानंद, विचार."

"काय सर?"

"जे बाकीच्यांना विचारलंस ते."

"सर, लाजवू नका. तुम्हाला मी काय विचारणार?"

"विचार म्हणतो ना!" आवाज जरा चढलाच. दयानंद पटकन खुर्चीत सावरून बसला आणि लॅपटॉप जवळ ओढला.

पहिला प्रश्न त्यानं सोपा विचारला. मोबाईल उभ्याचा आडवा केला की स्क्रीनवर लिहिलेलं पुसलं का जातं, आणि ते कसं वाचवायचं. सर म्हणाले, "हे नवशिक्यांना विचारतात. माझ्या अर्जाला शोभेल असं विचार." तरी उत्तर दिलं, आणि नीट दिलं. मग दयानंदनं त्यांचं अॅप उघडायला सांगितलं. सरांनी पाण्याचं अॅप दाखवलं. दयानंद खरंच पुढं वाकला.

"सर, पाणी आल्यावर एकदम दहा हजार लोकांनी हे बटण दाबलं तर?"

सर म्हणाले, "तसं कधी झालं नाही."

"दोघांनी एकाच वेळी दाबलं तर? दोनदा घंटा वाजेल की एकदा?"

"एकच जण दाबतो. मी."

"बरं. तुम्ही लिहिलेला कोड तपासायचं कोण? म्हणजे चूक दाखवणारं दुसरं कुणी?"

"कुणी नाही."

"चालवून बघायचं कोण?"

"सौदामिनी. माझी बायको. बिलोलीत तिचा फोन वाजला की मला कळतं, चालतंय."

दयानंद खाली बघून काहीतरी टाइप करत होता. त्याचा आवाज आता बदलला होता, सपाट झाला होता. "टीममध्ये एखाद्या गोष्टीवर मतभेद झाला, तर तुम्ही काय करता?"

सरांनी उत्तर पाठ केलं होतं. खुर्चीवरच्या फोनला ते कितीदा ऐकवलं होतं. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, आपलं म्हणणं मांडायचं, वगैरे. पण ते आता ओठांवर येईना. त्यांना स्टुलावर बसलेले आपण दिसले, आणि स्वतःच्याच आवाजावर ओरडलेले.

"माझी टीम नव्हती," ते म्हणाले. "मला याचं उत्तर येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे कुणासमोर मोठ्यानं म्हटलं असेल. म्हटल्यावर काही आकाश कोसळलं नाही. दयानंदनं मान हलवली आणि आणखी दोन प्रश्न विचारले. एक अर्धा आला, एक आलाच नाही. सर प्रत्येक वेळी स्वच्छ म्हणाले, येत नाही. चेहऱ्यावर घाम होता, पण पाठ ताठ होती. मनात कुठंतरी त्यांना बरंही वाटत होतं. अखेर कुणीतरी विचारलं. अखेर आपण बाकीच्यांसारखे.

दयानंदनं लॅपटॉप मिटला. रिकामे कप बाजूला सरकवले. मग म्हणाला, "सर, खरं सांगू का?"

"सांग."

"ठरलेलंच होतं. तुमचं वय बघून वरून आधीच नको म्हणाले होते. नाव यादीतून काढायचं राहून गेलं. मला सकाळीच दिसलं. फोन करून येऊ नका म्हणावं, तर धाडस झालं नाही."

सरांनी त्याच्याकडं बघितलं. "मग एवढे प्रश्न विचारलेस कशाला रे?"

दयानंद कावराबावरा झाला. पुन्हा तो शेवटच्या बाकावरचा पोरगा. "तुम्ही म्हणालात म्हणून, सर."

सर उठले. दयानंदच्या खांद्यावर हात ठेवला, कारण पोराचे डोळे भरले होते आणि कुणीतरी ठेवायला हवा होता. दयानंद पुन्हा वाकणार एवढ्यात म्हणाले, "पुरे आता," आणि दार उघडून बाहेर आले.

बाहेर गराडा घालायला टपलेली पोरं सरांना बघून उभी राहिली आणि बाजूला झाली. मधून वाट मोकळी करून दिली. काय विचारलं, अवघड होतं का, हे सरांना कुणीच विचारलं नाही.

रिक्षा करून ते नांदेडच्या बसस्टँडवर आले. ऊन मी म्हणत होतं. बाकड्यावर बसले आणि त्यांना एकाएकी इतकं एकटं वाटलं, की हातातली पिशवी त्यांनी घट्ट छातीशी धरली. आजूबाजूला एवढी माणसं, पोरंसोरं, बोचकी, कंडक्टरांची ओरड, आणि त्यात आपलं म्हणून कुणी नाही. मधल्या सुट्टीची वेळ झाली तसा त्यांनी फोन लावला.

"झाली?" सौदामिनीनं पहिल्याच घंटेला उचलला होता.

"झाली. नाही झालं काम."

मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. "जेवलात का?" तिनं विचारलं.

"सौदामिनी, मला तिकडं लातुरात करमत नाही गं." हे त्यांना म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं. "अजिबात करमत नाही. भिंतीशी बोलतो मी. दिवसदिवस."

"मला काय इथं करमतंय असं वाटतं तुम्हाला?" ती एकदम उसळली. "रविवारी गाडीत बसले की नरसीपर्यंत डोळ्याला पदर असतो माझ्या. सांगू कुणाला? तुम्ही आपले अभ्यास चाललाय, अभ्यास चाललाय करून राहिले. सांगायला एवढे दिवस लागतात होय?"

समोर लातूरची गाडी लागली होती, कंडक्टर अहमदपूर, लातूर म्हणून ओरडत होता. सोमवारी संगप्पाला नाही म्हणायचं, हे सरांचं तिथंच ठरलं.

"मग मी येऊ?" त्यांनी विचारलं.

"या की. पण आधीच सांगते, तिसऱ्या दिवशी उठून पळायचं नाही मागच्यासारखं. माणिकप्पा सर संध्याकाळी पारावर असतात. ते विचारणार."

"विचारू दे."

"काय सांगाल?"

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर लावला. "सध्या मी काही करत नाही, म्हणून सांगेन."

तिकडं शाळेची घंटा झाली, पण तिनं फोन ठेवला नाही. "गाडी कितीची आहे, बघा," ती म्हणाली, "भाकरी टाकून ठेवते."